शिंपले आणि समुद्री शेवाळ शेतीत शिकाऊ उमेदवारी: नाशिकहून निघण्याआधीपासून पहिल्या हंगामाच्या शेवटापर्यंत

नाशिकमधून या कामाकडे वळणारे बहुतेक जण तीन ठिकाणी चुकतात. निकाल लागल्यावर जूनमध्ये जागा शोधू लागतात, आणि किनाऱ्यावरचं काम नेमकं तेव्हाच बंद असतं. चार-पाच दिवसांच्या प्रशिक्षणालाच शिकाऊ उमेदवारी समजतात. आणि हाताशी काही कौशल्य नसताना आधी बीज, दोर, बांबू यांत पैसे घालतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळा. मधला एखादा गाळला तर पुढच्या टप्प्यावर अडचण येते आणि बहुधा सगळा हंगाम हातचा जातो.

## टप्पा १: काय शिकायचं आहे ते ठरवा

ढोबळमानाने तीन वेगळी कामं आहेत.

एक, दोरावर शिणाणे म्हणजे हिरव्या कवचाचे शिंपले वाढवणं. दोन, खाडीत कालवं किंवा तिसऱ्या वाढवणं. तीन, तराफ्यावर समुद्री शेवाळ वाढवणं. शेवाळात मुख्यतः दोन जाती भेटतील. कॅराजीननसाठी कप्पाफायकस आणि अगरसाठी ग्रॅसिलारिया (कॅराजीनन आणि अगर हे शेवाळातून काढलेले, पदार्थ घट्ट करणारे अर्क). नवख्याने पहिल्या हंगामात एकच काम धरावं. शिणाण्यांचं पीक पाच-सहा महिन्यांत एकदाच हाती येतं. शेवाळाची तोडणी मात्र साधारण ४५ दिवसांनी होते, त्यामुळे एका हंगामात तीच कामं तीन-चार वेळा करायला मिळतात. हात लवकर बसावा असं वाटत असेल तर शेवाळ घ्या. पाणी, बीज, कवच, स्वच्छता सगळंच खोलात शिकायचं असेल तर शिणाणे घ्या.

'मोती शेती' या नावाने शेततळ्यासाठी जे वर्ग चालतात ते निराळं काम आहे. ते गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं असतं आणि त्याचं प्रशिक्षण भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत मिळतं. त्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर समुद्रातल्या कामाला कोणी घेत नाही.

खबरदारी: 'मीठ टाकून शेततळ्यात शिणाणे वाढवू' हा विचार मनातून काढून टाका. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात उतार धरून साधारण २० लाख लिटर पाणी मावतं. दर लिटरला ३० ग्रॅम धरलं तरी ६० टन मीठ लागेल. एवढं करूनही शिंपला ज्या सूक्ष्म वनस्पती गाळून खातो त्या तिथे नसतील, आणि ती जमीन कायमची खारट होऊन बसेल.

## टप्पा २: आधी हंगाम, मग अर्ज

आपल्या किनाऱ्यावर शिणाण्यांचं बारीक बीज, म्हणजे छोटी पिल्लं, पावसाळ्यानंतर खडकांवर दिसू लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते गोळा होतं, नोव्हेंबर-डिसेंबरात दोर भरले जातात आणि एप्रिल-मेमध्ये काढणी होते. पहिल्या मोठ्या पावसात खाडीचं पाणी झपाट्याने गोडं होतं, म्हणून मेअखेर सगळं बाहेर काढलेलं असावं लागतं. शेवाळाचे तराफेही महाराष्ट्रात पावसाळ्यात पाण्यात टिकत नाहीत. तमिळनाडूत मंडपमकडे जाणार असाल तर हे वेळापत्रक जसंच्या तसं लावू नका. तिकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो.

यावरून नाशिककराचं वेळापत्रक असं बसतं:

- जून ते ऑगस्ट: पोहणं, गाठी, कागदपत्रं, शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी.
- ऑगस्ट-सप्टेंबर: अल्पमुदतीचं प्रशिक्षण आणि जागेची पाहणी.
- ऑक्टोबरचा पहिला आठवडा: कामावर हजर.
- मेअखेर: काढणी, हिशेब, अनुभवपत्र.

जानेवारीत रुजू होणाऱ्याला बीज निवडणं आणि दोर भरणं पाहायलाच मिळत नाही. काम सगळ्यात जास्त तिथेच बिघडतं. तुमची जागा जानेवारीतच रिकामी होत असेल तर पुढचा ऑक्टोबर गाठा आणि मधले महिने दुसऱ्या कामावर काढा.

## टप्पा ३: नाशिकमध्ये करायची तयारी

इथे घाई नडते. समुद्रकाठच्या मुलाला जे अंगवळणी पडलेलं असतं ते तुम्हाला तीन महिन्यांत कमवायचं आहे.

पोहणं. थांबून पाय न टेकता २०० मीटर आणि कपड्यांसह १० मिनिटं तरंगणं एवढं जमल्याशिवाय निघू नका. महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावात किंवा जिथे प्रशिक्षक असेल अशा तलावात शिका. धरणात किंवा गोदावरीच्या डोहात स्वतःहून सराव करू नका. पोहता येत असलं तरी कामावर लाइफ जॅकेट लागतंच. खाडीतली ओढ तलावात नसते.

गाठी. तीन पुरतात: बोलाइन (न सरकणारा फास), क्लोव्ह हिच (बांबूला दोर बांधायची) आणि दोन दोर जोडायची शीट बेंड. १२ मिलिमीटरचा नायलॉन दोर दोन-तीन मीटर आणा, बादलीत भिजवा, रबरी हातमोजे घाला आणि न बघता गाठ मारा. सुका दोर आणि ओला दोर यांत फरक मोठा आहे. नायलॉन ओला झाला की सैलावतो, आणि सुक्या हाताने घट्ट वाटलेली गाठ दुसऱ्या दिवशी सुटलेली दिसते. द्राक्षबागेत मांडवाच्या तारा ओढणाऱ्यांना ताण किती द्यायचा याचा अंदाज असतो, पण तिथला मांडव लाटेबरोबर वरखाली होत नाही. म्हणून दोर बांधल्यावर तो झटके देऊन तपासायची सवय इथूनच लावा.

भरती-ओहोटी. कोकणात तिथीवरून वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला आणि ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी, नऊनंतर. रोज ही वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाणी खूप चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि चढउतार कमी असतो. घरच्या कॅलेंडरवर महिनाभर रोज वेळ काढा आणि छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा. तिथीचा हिशेब अंदाजाला ठीक आहे. होडी लोटायची वेळ मात्र तक्त्यावरूनच ठरवायची.

क्षारता मोजणं. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबातलं मीठ मोजायचं उपकरण, हातात धरायला शिका. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळाला तर उत्तम. आधी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब ठेवून रेघ शून्यावर आणायची. मग ३५ ग्रॅम मीठ घेऊन त्याचं एक लिटर द्रावण करा. वाचन ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळपास यायला हवं. त्यात तेवढंच पाणी मिसळून पुन्हा मोजा, वाचन निम्मं यायला हवं. शून्य न करता घेतलेलं वाचन खोटं असतं, आणि नवख्यांच्या नोंदवहीत सर्रास तेच सापडतं.

अंगाची तयारी. धनुर्वाताची लस घ्या. शिंपले-कोळंबीची ॲलर्जी, मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. समुद्राच्या कोमट पाण्यातल्या व्हिब्रिओ जिवाणूंचा जखमेतून होणारा संसर्ग अशा व्यक्तींमध्ये गंभीर होऊ शकतो.

तपासा: पोहणं, ओल्या दोरावरच्या तीन गाठी, भरतीची वेळ काढणं, क्षारतेचं बरोबर वाचन. यातलं एकही कच्चं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: कागदपत्रं

आधार, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. इथे अर्ज अडकतो तो जवळजवळ नेहमी नावावरून. आधारवर एक, गुणपत्रकावर दुसरं, पासबुकावर तिसरं. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवरची नोंदणी आधारवर चालते, म्हणून आधी नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी करून घ्या. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर सरकारच्या वाट्याचे पैसे जमा होत नाहीत. नुसतं 'केवायसी झालं' एवढ्यावर थांबू नका. थेट लाभासाठी आधार जोडलं आहे का, हे बँकेत जाऊन स्पष्ट विचारा.

नोंदणीत अडलं तर सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या केंद्रात जा. मत्स्यव्यवसायाच्या योजना आणि परवानग्यांसाठी मत्स्यव्यवसाय विभागाचं नाशिकमधलं कार्यालय गाठा. ही दोन वेगळी खाती आहेत. एकीकडचा प्रश्न दुसरीकडे नेल्यावर उत्तर मिळत नाही.

## टप्पा ५: अल्पमुदतीचं प्रशिक्षण

हे उमेदवारीच्या आधी करायचं. यातून शब्द, यंत्रं आणि माणसं ओळखीची होतात. शिणाणे आणि कालवांसाठी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था पाहा. तिचं मुख्यालय कोचीला आहे, केंद्रं मुंबई आणि कारवारला आहेत. शेवाळासाठी तिचंच मंडपम केंद्र किंवा भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेचं मंडपममधलं केंद्र. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे आणि रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. नाशिक रोडला थांबणारी मंगला एक्स्प्रेस पनवेल, रत्नागिरी करत एर्नाकुलमपर्यंत जाते, त्यामुळे कोकण, कारवार आणि कोची एकाच गाडीवर आहेत.

अर्ज करताना दोनच प्रश्न विचारा: पाण्यातलं प्रात्यक्षिक किती दिवस आहे, आणि ज्या शेतावर नेणार तिथे त्या महिन्यात पीक उभं असेल का. सगळे तास वर्गातच असतील तर तेवढी माहिती वाचूनही मिळते.

महाराष्ट्रात कांदळवनं जपणाऱ्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या कामातून खाडीकाठच्या गावांतल्या गटांनी कालवं, शिणाणे, खेकडे यांची शेती उभी केली आहे. या योजनांचं अनुदान त्या गावांतल्या लोकांसाठी आहे, नाशिकहून जाणाऱ्याला ते लागू होत नाही. पण अशा गटाकडे हंगामभर काम शिकायला मिळालं तर त्याला तोड नाही. जाताना गटप्रमुख ताईंशी आधी फोनवर बोला, राहण्या-जेवणाचा खर्च आपला आपण करणार हे स्वतःहून सांगा, आणि कोणत्या तिथीला यायचं ते त्यांना ठरवू द्या.

## टप्पा ६: जागा आणि करार

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची नोंदणीकृत उमेदवारी प्रत्येक शेतावर मिळत नाही. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ कर्मचारी असतील तर ऐच्छिक. चार-पाच बायकांचा बचतगट ज्या दोरांवर शिणाणे वाढवतो तिथे नोकरीवर कोणीच नसतं, म्हणून तिथे करार होऊ शकत नाही. करार होतो तो बीजकेंद्र, प्रक्रिया कारखाना, शेवाळाचा अर्क काढणारी कंपनी किंवा मोठी शेती चालवणारी संस्था यांच्याशी.

आमचं स्पष्ट मत असं: पहिला हंगाम गटाकडे किंवा लहान शेतावर, आणि दुसऱ्या वर्षी करार. उलट्या क्रमाने गेलेल्या मुलांना कंपनीत पॅकिंग आणि वजनकाट्यावर बसवतात. पाणी न पाहताच त्यांचं वर्ष संपतं. घरच्या परिस्थितीमुळे पहिल्या दिवसापासून विद्यावेतन लागणार असेल तर सरळ करार करा, पण खालच्या गोष्टी सही करण्याआधी पाहा.

- प्रशिक्षणाचा आराखडा. ऐच्छिक व्यवसायात (ऑप्शनल ट्रेड, म्हणजे सरकारने अभ्यासक्रम न ठरवलेलं काम) तो मालक तयार करतो, म्हणून त्यात काय लिहिलं आहे ते वाचा. पाण्यातलं काम किमान निम्मं नसेल तर तसं मागा.
- मुदत. सहा महिने ते तीन वर्षं असू शकते. सहा महिन्यांची असेल तर ती ऑक्टोबर ते मार्च आहे की एप्रिल ते सप्टेंबर, यावर सगळं अवलंबून आहे.
- विद्यावेतन. २०१९ च्या नियमांप्रमाणे दरमहा किमान आकडे असे: पाचवी ते नववी उत्तीर्ण ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी ७,०००, पदवीधर ९,०००. सहीच्या दिवशी पोर्टलवरचा चालू आकडा पाहून करारातल्या आकड्याशी ताडा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकारकडून थेट तुमच्या खात्यात येतो. उरलेला मालकाकडून येतो.
- वय. किमान १४ वर्षं, धोकादायक कामासाठी १८. १८ च्या आतल्यांच्या करारावर पालकाची सही लागते. होडीवरचं आणि खोल पाण्यातलं काम १८ च्या आत करायचंच नाही असं धरून चाला.
- अपघात. उमेदवारीतल्या कामात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. 'शिकायला आलास, जबाबदारी तुझी' असं कोणी लिहून मागितलं तर सही करू नका.

तपासा: करार पोर्टलवर नोंदला गेला का? तोंडी ठरलेली किंवा साध्या कागदावरची उमेदवारी मोजली जात नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. गटाकडे शिकत असाल तर करार नसतो, म्हणून हंगामाच्या शेवटी सही-शिक्क्याचं अनुभवपत्र देणार का ते पहिल्याच दिवशी विचारा.

## टप्पा ७: पहिले पंधरा दिवस फक्त पाणी

रुजू झाल्यावर लगेच दोर भरायला मागू नका. एक जाड नोंदवही घ्या आणि रोज एकाच जागी, पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला, एवढं लिहा: तारीख आणि तिथी, वेळ, पाण्याचं तापमान, क्षारता, सेची तबकडी (गढूळपणा पाहायला पाण्यात सोडायची काळी-पांढरी चकती) किती खोलीवर दिसेनाशी होते, वारा कुठून, प्रवाह कुठे. पंधरा दिवसांत एक उधाण आणि एक भांग दोन्ही येतात, म्हणूनच हा आकडा.

शिणाण्यांना २७ ते ३५ पीपीटी क्षारता मानवते. कप्पाफायकसला ती ३० च्या आसपास किंवा वर आणि पाणी साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस लागतं. पालघरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक सिंधुदुर्गापेक्षा बराच जास्त असतो. एका ठिकाणी शिकलेली दोराची लांबी दुसरीकडे तशीच वापरता येत नाही.

खबरदारी: पाण्यात एकट्याने कधीही उतरायचं नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा आणि हवामान खात्याचा अंदाज निघण्याआधी पाहायचा. कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या कापतात, म्हणून जाड तळाचे बूट आणि हातमोजे घालायचे. जखम झाली तर साबण आणि गोड्या पाण्याने धुवा. त्याच दिवशी सूज, लाली किंवा ताप वाढला तर डॉक्टरांकडे जा आणि 'समुद्राच्या पाण्यात कापलंय' हे आवर्जून सांगा.

## टप्पा ८अ: शिणाण्यांचा दोर भरणं

क्रम असा:

1. खोली मोजा. उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पाणी सर्वांत कमी असताना. दोराचं खालचं टोक तेव्हाही तळापासून किमान एक फूट वर राहिलं पाहिजे. टोक टेकलं की गाळ बसतो आणि तळावरचे खेकडे सरळ दोरावर चढतात.
2. दोर कापा. १२ ते १४ मिलिमीटरचा नायलॉन, बीज भरायला एक ते दीड मीटर आणि बांधायला अर्धा मीटर जादा. दर २५ सेंटीमीटरला गाठ मारा. गाठ नसेल तर वजन वाढल्यावर अख्खा थर खाली घसरतो.
3. बीज निवडा. १५ ते २५ मिलिमीटरचं, एकसारखं. समुद्राच्या पाण्यात धुवून बार्नेकल (कवचाला चिकटून बसणारे छोटे टणक जीव), खेकड्यांची पिल्लं, शेवाळ आणि फुटकी कवचं वेगळी करा. उघडं कवच टिचकी मारूनही मिटत नसेल तर ते मेलेलं आहे. ते आत गेलं तर शेजारच्यांना घेऊन सडतं.
4. कापड कापा. मच्छरदाणीसारखं सुती जाळीचं कापड, २५ सेंटीमीटर रुंदीची पट्टी. ते पाण्यात काही दिवसांत कुजून गळायला हवं. तोपर्यंत शिंपले आपल्या धाग्यांनी दोराला चिकटलेले असतात.
5. भरा. पट्टी पसरा, दर मीटरला ५०० ते ७५० ग्रॅम बीज सारखं पसरा, मधोमध दोर ठेवा, कापड गुंडाळून घट्ट शिवून घ्या. बीज दोराच्या सगळ्या बाजूंनी आलं पाहिजे.
6. त्याच भरतीला बांबूच्या मांडवाला किंवा तराफ्याला टांगा. दोन दोरांत किमान २५ सेंटीमीटर अंतर, प्रवाह मंद असेल तर जास्त.

कापडाची परीक्षा करायला एक धागा ओढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिस्टरचा धागा वितळून कडक मणी बनतो. दुकानदार 'कॉटनच आहे' म्हणाला तरी हे करा. पॉलिस्टरचं कापड कुजत नाही, शिंपले आत कोंडले जातात आणि महिन्याभराने दोर वर काढला की आत नुसता काळा गाळ निघतो.

बीज भरायच्या दिवशीचा दुसरा नेहमीचा घोळ उन्हाचा. गोणपाट समुद्राच्या पाण्यात भिजवून बीज त्यात ठेवतात आणि सावलीत ते काही तास तग धरतं. प्लास्टिकच्या बंद पोत्यात किंवा गोड्या पाण्याच्या बादलीत मात्र ठेवायचं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येक दोर वर उचलून पाहा. मोकळे पट्टे दिसले तर का, ते लिहून ठेवा: शिवण सैल होती, बीज कमी होतं की प्रवाहाने ओढलं. नंतर दर पंधरवड्याला तीन ठरावीक दोरांच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून मिळून २० शिंपले घ्या आणि व्हर्नियरने लांबी मोजा. वाढ चांगली असेल तर महिन्याला १० मिलिमीटरच्या आसपास सरासरी पडते. वरचे वाढतात आणि खालचे थांबतात तेव्हा गर्दी झालेली असते. थर विरळ करायची वेळ आली असं समजा. 'बीज जास्त तर पीक जास्त' या हिशेबाने दीडपट भरलेले दोर फेब्रुवारीत स्वतःच्या वजनाने रिकामे होतात.

## टप्पा ८ब: शेवाळाचा तराफा

तीन बाय तीन मीटरची बांबूची चौकट. चारही कोपऱ्यांना तिरपे बांबू बांधायचे, नाहीतर लाटेत चौकट तिरकी होते. आत तीन मीटरच्या २० दोऱ्या. प्रत्येक दोरीवर १५ सेंटीमीटर अंतराने २० तुकडे, प्रत्येक तुकडा १५० ग्रॅमचा. म्हणजे दोरीला ३ किलो आणि तराफ्याला ६० किलो बीज. खालून मासेमारीची जाळी बांधायची. तुटलेले तुकडे ती धरून ठेवते आणि शेवाळ खाणाऱ्या माशांना अडवते. तराफे एकमेकांना जोडून रांग करतात आणि ती नांगराला बांधतात.

बीजासाठी कोवळे, ताठ, एकाच रंगाचे शेंडे घ्यायचे. वाकवल्यावर कट्कन मोडतात ते चांगले. लिबलिबीत किंवा टोकाला पांढुरके असतील ते टाकायचे. बांधताना सुतळीचा फास फांदीभोवती सैल ठेवायचा. घट्ट आवळला की आठवड्याभरात फांदी तिथेच कापली जाते, आणि नवखे त्याचा दोष लाटेला देतात. भरदुपारी बांधणी करू नका. सावलीत, ओल्या गोणपाटाखाली बीज ठेवून पहाटे काम उरका.

दर दोन-तीन दिवसांनी तराफ्यावर जाऊन दोऱ्या हलवायच्या, गाळ झटकायचा, दुसरं शेवाळ चढलं असेल तर हाताने काढायचं. फांद्यांवर पांढरे मऊ पट्टे दिसले तर तो आइस-आइस रोग. पाणी तापलं, गोडं झालं किंवा प्रवाह थांबला की शेवाळावर ताण येतो आणि हा रोग दिसतो. पांढरा भाग थोडी निरोगी फांदी सोबत घेऊन कापा, किनाऱ्यावर आणून पुरा. पाण्यात फेकू नका.

४५ दिवसांनी तराफा २४० किलोच्या आसपास भरतो. यातले ६० किलो पुढच्या फेरीचं बीज. विकायला उरतात १८० किलो, आणि वाळल्यावर दहाला एक या प्रमाणात १८ किलो. नवखे २४० ला भावाने गुणतात आणि तिथेच गणित चुकतं.

खबरदारी: कप्पाफायकस आपल्या समुद्रातली मूळ जात नाही. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ती प्रवाळांवर पसरल्याची नोंद आहे. म्हणून प्रशिक्षणाहून परतताना पिशवीत बीज घालून दुसऱ्या खाडीत सोडणं हा गंभीर अपराध समजा. बीज परवानगीने आणि कागदोपत्रीच हलवायचं.

## टप्पा ९: काढणीनंतरचं काम

शिणाणे ७० ते ८० मिलिमीटरचे झाले की काढतात. चांगल्या हंगामात दर मीटर दोराला ८ ते १० किलो मिळतात. काढल्यावर थेट बाजारात नेत नाहीत. शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातले जिवाणू आणि जड धातूही त्याच्या अंगात साठतात. स्वच्छ, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात किमान १२ तास, शक्यतो २४ तास ठेवून त्याचं पोट रिकामं होऊ द्यायचं. यात जिवाणू बरेच निघतात, जड धातू निघत नाहीत. सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येणाऱ्या खाडीत शेतीच करायची नसते, याचं कारण हेच.

शेवाळ वाळूवर पसरायचं नाही. उंच मांडणीवर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर दोन-तीन दिवस उन्हात ठेवायचं, रात्री दवापासून झाकायचं. ओलावा ३५ टक्क्यांच्या आसपास आला की पोत्यात भरायचं. वाळू, सुतळीचे तुकडे, दुसरं शेवाळ दिसलं की खरेदीदार भाव पाडतो. सुतळी काढायचं काम कंटाळवाणं असतं, पण शिकाऊ मुलाची पारख तिथेच होते.

## टप्पा १०: हंगाम संपल्यावर

मेअखेर तुमच्याकडे तीन गोष्टी हव्यात: आठ महिन्यांची नोंदवही, अनुभवपत्र किंवा पोर्टलवरचं प्रमाणपत्र, आणि एका दोराचा किंवा एका तराफ्याचा स्वतः मांडलेला जमाखर्च. मुलाखतीत नोंदवही पुढे ठेवा. क्षारता कधी पडली आणि तेव्हा काय केलं, हे तिच्यातून दाखवता येणाऱ्याला जास्त सांगावं लागत नाही. नाशिकलाच परतायचं असेल तर द्राक्षबागांना शेवाळाचा अर्क पुरवणाऱ्या कंपन्यांत कच्चा माल तपासण्याच्या कामाला हा अनुभव चालतो.

स्वतःची शेती करायची असेल तर परवानगी आधी, बांबू नंतर. २०२३ च्या दुरुस्तीनंतर शेवाळ आणि शिंपले शेतीही किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाच्या कायद्याच्या कक्षेत आली आहे. जागेनुसार मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड यांची संमती लागते, कांदळवन जवळ असेल तर वन विभागाचीही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत ठेवलेली आहे. अर्ज करण्याआधी योजना त्या वर्षी चालू आहे का ते कार्यालयात विचारा, आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत खरेदीची पावती फाडू नका. जागा शोधताना त्या खाडीत आधीपासून जाळी टाकणाऱ्या आणि तिसऱ्या वेचणाऱ्या लोकांशी बोला, त्यांची होडीची वाट कुठून जाते ते नकाशावर काढून घ्या, आणि तराफ्यांची रांग त्या वाटेपासून लांब आखा.